वही कुठंय?

परवा अँटॉप हिलच्या विहारात एका पोरानं मला विचारलं, ‘दादा, आपला इतिहास जमिनीत गाडलाय म्हणता. मग खोदला तरी पुस्तकात का येत नाही?’

उत्तर ऐका. 1882 साली सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी, आठ बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे तुकडे निघाले. अहवाल त्याच साली छापून आला. इंग्रजीत का होईना, आला.

आता प्रवरेकाठचं दायमाबाद बघा. स्तूपाच्याही आधीची, चार हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. पहिलं उत्खनन 1958-59 ला. 1974 ला छबू लक्ष्मण भिल्ल यांना मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. वजन साठ किलोच्या वर. पुढं 1979 पर्यंत खोदकाम चाललं. सविस्तर ग्रंथ निघाला 1986 ला, तोही 1976-79 च्या कामाचा.

उशिरानं बिघडतं काय? मित्रांनो, उत्खनन म्हणजे पानं फाडत पोथी वाचणं. उकरलेला थर परत बसत नाही. उरते ती खोदणाऱ्याची वही. ती कपाटात कुजली की पुरावा मेला. मग रिकाम्या जागेत लेखणीवाले आपली कथा घुसवतात. 1948 साली अस्पृश्यांचं मूळ शोधताना बाबासाहेबांना तुटलेले दुवे तर्कानं जोडावे लागले. आपणही तर्कावरच किती दिवस काढायचे?

म्हणून म्युझियममधल्या मूर्ती बघून नुसतं हरखू नका. विचारा, वही कुठंय? मराठीत कधी येणार?

जय भीम.