अमेरिकेचा युद्धेतिहास आणि होळकरांचे इंदूर

इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या मराठी वाचकाला अमेरिकेचा युद्धेतिहास हा सर्वथा परक्या देशाचा विषय वाटला तर नवल नाही; परंतु ज्या होळकरशाहीच्या राजधानीत आपला संसार चालतो, तिच्या काळाशी त्या देशाच्या सैन्याचा एक धागा प्रत्यक्ष जुळलेला आहे, आणि या विषयावरील ग्रंथ निवडावयाचे झाल्यास आरंभ तेथूनच करणे मला इष्ट वाटते.

महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंनी १७९३ साली लाखेरीच्या रणांगणावर तुकोजी होळकरांची फौज मोडली, त्या सुमारास शिस्तबद्ध पलटणी बाळगणे ही प्रत्येक दरबाराची निकड होऊन बसली होती. याच काळात मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट गावचा जॉन पार्कर बॉइड हिंदुस्थानात आला, आणि स्वतःच्या मालकीच्या तोफा-बंदुका व पदरची शिबंदी घेऊन त्याने निजाम व पेशवे यांची चाकरी पत्करली. काही काळ होळकरांचा मुशाहिराही तो घेत असे, अशी नोंद त्याच्या चरित्रकारांनी केली आहे. पुढे स्वदेशी परतून तो अमेरिकेच्या सेनेत कर्नल झाला, १८११ च्या टिपेकनूच्या लढाईत लढला, आणि ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यावर असताना ११ नोव्हेंबर १८१३ रोजी कॅनडातील क्रायस्लर्स फार्म येथे आपल्याहून संख्येने बरीच लहान असलेल्या इंग्रजी फौजेकडून पराभूत झाला.

या पराभवाची कैफियत त्याने १८१६ साली छापून प्रसिद्ध केली; त्याचा वरिष्ठ जनरल विल्किन्सन याच्या आठवणीही त्याच वर्षी बाहेर पडल्या. स्वसमर्थनार्थ लिहिलेले असे ग्रंथ पुरावा म्हणून अवश्य वाचावेत, निवाडा म्हणून मात्र स्वीकारू नयेत. निवाडा करण्याची योग्यता त्याच ग्रंथाला येते, ज्याने दोन्ही पक्षांचे दप्तर उघडून पाहिले आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी १८१२ च्या याच इंग्रज-अमेरिकी युद्धातील आरमारी संग्रामावर १८८२ साली लिहिलेला ग्रंथ या कसोटीस इतका उतरला, की इंग्रजांनी आपल्या आरमाराच्या बृहद् इतिहासातील त्या युद्धाचे प्रकरण त्यांच्याकडेच सोपविले. यादवी युद्धानंतर अमेरिकी सरकारने तर १८८० ते १९०१ या काळात विजयी आणि पराजित अशा उभय सैन्यांची कागदपत्रे एकाच मालेत, १२८ ग्रंथांत, छापली. जित पक्षाचा शब्दही सरकारी खर्चाने जतन करण्याचे हे औदार्य इतिहासविद्येच्या दृष्टीने फार मोलाचे होय.

आपल्याकडे हेच कार्य राजवाडे, पारसनीस, खरे यांनी बहुतांशी खासगी कष्टांनी केले, आणि त्यांच्या साधनांमुळेच १८२६ च्या ग्रँट डफच्या बखरीची मराठी कागदांशी पडताळणी शक्य झाली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, त्यामागोमाग मंदसोरचा तह झाला आणि इंदूर राजधानी बनले; ती लढाई केवळ इंग्रज सेनानी माल्कमच्या पक्षाच्या लेखणीतून वाचणे जितके अपुरे, तितकेच अमेरिकेचे कोणतेही युद्ध एकट्या विजेत्याच्या ग्रंथातून वाचणे अपुरे आहे. म्हणून ग्रंथ हाती घेताच वाचकाने प्रथम त्याची साधनसूची पाहावी, आणि तीत प्रतिपक्षाची साक्ष नसेल तर दुसरा ग्रंथ शोधावा.