मॉनिटरचे नाव फळ्यावर कोण लिहिणार?

सर वर्गात नसले की दंगा करणाऱ्यांची नावे मॉनिटर फळ्यावर लिहायचा. पण मॉनिटरच दंगा करू लागला तर त्याचे नाव कोण लिहिणार? आपल्यापैकी अनेक जण पुढे संगणक क्षेत्रात गेले. तिथेही हाच प्रश्न आहे, आणि लिनक्सच्या इतिहासात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ माणसांना कामाला लावले.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्यात काही बिघडले की तो संदेश देतो आणि तो संदेश पडद्यावर उमटवण्याचे काम कन्सोल ड्रायव्हर करतो. बाकी सगळ्यांच्या चुका हाच सांगतो. हाच चुकला तर पडदा काळा राहतो आणि कारण कळत नाही.

१९९१ साली हेलसिंकीत लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरुवात केली तीच पडद्यापासून. त्याच्या पहिल्या प्रयोगात दोन कामे आलटून पालटून चालत. एक ‘ए’ छापी, दुसरे ‘बी’. अक्षर बदलले की प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळला, हे डोळ्यांना दिसे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती आली. तिचा कन्सोल ड्रायव्हर ८० रकाने व २५ ओळींचा पडदा गृहीत धरून थेट व्हिडिओ मेमरीत लिहीत असे. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, म्हणजे अख्खा पडदा ४००० बाइटचा.

पडदाच गप्प झाला तर बाहेरचा साक्षीदार हवा. तो म्हणजे दुसऱ्या संगणकाला जोडलेली सिरियल केबल. मात्र ती संथ. सेकंदाला १,१५,२०० बिट वेग धरला आणि एका अक्षराला १० बिट मोजले, तर ८० अक्षरांची ओळ पाठवायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोसेसर अडकून पडे.

दुसरी अडचण लॉकची. दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ड्रायव्हर लिहिताना लॉक लावतो. लॉक लावलेला असतानाच त्याच प्रोसेसरवर कर्नल कोसळला, तर कोसळल्याचा संदेश त्याच लॉकपाशी थांबतो आणि तो उघडणारे कुणीच उरत नाही. म्हणून कर्नल कोसळत असताना लॉकची वाट पाहत बसायचे नाही, अशी सोय करावी लागली.

यंत्रांच्या नियंत्रणासारख्या कामात मात्र ७ मिलिसेकंदांची खोटीही चालत नाही. त्यासाठीचे रिअल-टाइम बदल सुमारे वीस वर्षे मुख्य लिनक्सच्या बाहेर राहिले, आणि शेवटच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक होता हा संदेश छापण्याचाच भाग. जॉन ऑग्नेस आणि सहकाऱ्यांनी तो नव्याने बांधला. २०२० च्या ५.१० आवृत्तीत संदेश लॉकशिवाय आधी मेमरीत नोंदवता येईल अशी नवी रचना आली. सप्टेंबर २०२४ मध्ये रिअल-टाइमची सोय मुख्य लिनक्समध्ये आली आणि नोव्हेंबरमध्ये ६.१२ आवृत्तीबरोबर सर्वांना मिळाली. आता नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरसाठी छापण्याचे काम वेगळा थ्रेड सवडीने करतो. कर्नल कोसळत असेल तेव्हा मात्र संदेश थेट बाहेर काढला जातो.

आजही नवा ड्रायव्हर लिहिणारा आधी क्यूईमूसारख्या आभासी संगणकावर संदेशांचा भडिमार करतो आणि मग कर्नल मुद्दाम कोसळवतो. मरता मरता लिहिलेली शेवटची ओळ बाहेर पडली, तरच ड्रायव्हर पास.