न्यूटनचा वारा : शीतलीकरणाच्या नियमातील एक विस्मृत अट

तापलेल्या वस्तूचा निवण्याचा वेग ती वस्तू व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, हा न्यूटनच्या नावाने ओळखला जाणारा नियम पदवीच्या वर्गात शिकविला जातो आणि प्रयोगशाळेत पाण्याने भरलेले भांडे स्थिर हवेत ठेवून तो पडताळला जातो. मूळ निबंधात मात्र हवा स्थिर नव्हती.

१७०१ साली 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये उष्णतेच्या मापनश्रेणीविषयी एक छोटा लॅटिन निबंध लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला. तो न्यूटनचा होता. जवसाच्या तेलाच्या तापमापकाने मोजता येणार नाही असे तापमान ठरविणे हा त्याचा हेतू. त्यासाठी लोखंडाचा तुकडा लाल होईपर्यंत तापवून त्यावर निरनिराळ्या धातूंचे कण ठेवण्यात आले व प्रत्येक कण कधी घट्ट होतो ती वेळ पाहण्यात आली. हे लोखंड शांत हवेत न ठेवता एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात ठेवले, असे न्यूटन स्पष्टपणे सांगतो. तापलेली हवा वाहून जावी आणि तिच्या जागी सतत थंड हवा यावी, हे त्याचे कारण. म्हणजे हवेची गती ही नियमाची पूर्वअटच होती. त्या निबंधात विकलक समीकरण कोठेही नाही. काल अंकगणिती श्रेणीने वाढतो तेव्हा उष्णता भूमितीय श्रेणीने घटते, एवढेच गृहीत आहे.

या गृहीताची मर्यादा त्याच्याच आकड्यांत दिसते. पाण्याचा उत्कलनांक ३४ अंश धरणाऱ्या त्या श्रेणीत शिसे ९६ अंशांवर वितळते. रूपांतर केल्यास हे सुमारे २८२ अंश सेल्सियस भरते. प्रत्यक्ष मूल्य ३२७ आहे. उच्च तापमानाला प्रारणाने जाणारी उष्णता हिशेबात नव्हती, हे या तफावतीचे एक कारण होय. प्रारण व हवा यांचे परिणाम वेगळे काढण्याचे श्रेय ड्यूलाँ आणि पेटी यांना द्यावे लागते. त्यांनी १८१७ च्या सुमारास निर्वातात व निरनिराळ्या वायूंत तापमापक निववून पाहिले. वायूमुळे होणारी हानी तापमानफरकाच्या १.२३३ व्या घाताच्या प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. स्थिर हवेत गरम पृष्ठभागच प्रवाह निर्माण करतो. त्यामुळे तेथे नियम सरळ प्रमाणाचा राहत नाही. १८८१ मध्ये लोरेन्त्स यांनी उभ्या पट्टीसाठी सिद्धांताने हा घात ५/४ असल्याचे दाखविले. पाठ्यपुस्तकांनी न्यूटनचे नाव ठेवले आणि वारा गाळला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दरम्यान फूरिये यांनी १८०७ च्या प्रबंधात व १८२२ च्या ग्रंथात घन पदार्थाच्या आतील वहन आणि पृष्ठभागावरील हानी यांची सांगड घातली. पृष्ठभागासाठी त्यांनी जो गुणांक योजला तो स्थिरांक मानल्यामुळे गणित सुटले. परंतु तो गुणांक लोखंडाचा गुणधर्म नव्हे, केवळ हवेचाही नव्हे. १९०४ मध्ये प्रांट्ल यांनी सीमास्तराची कल्पना मांडल्यावर त्याचे स्वरूप उलगडू लागले. १९१४ मध्ये किंग यांनी वाऱ्यात धरलेल्या तप्त तारेची उष्णताहानी वेगाच्या वर्गमुळाबरोबर वाढते असे दाखविले, तर १९१५ मध्ये नुसेल्ट यांनी मितिरहित संख्यांच्या आधारे निरनिराळ्या मापांचे प्रयोग एका सूत्रात आणले.

तथापि ही सूत्रे बहुतांशी स्थिर अवस्थेची होत. वस्तू निवत असताना पृष्ठभागाचे तापमान क्षणोक्षणी व ठिकाणपरत्वे बदलते. त्याचा परिणाम सीमास्तरावर होतो आणि सीमास्तर पुन्हा निवण्याचा वेग ठरवितो. सीमास्तराला जुळवून घेण्यास लागणारा काल वस्तूच्या निवण्याच्या कालापेक्षा फारच कमी असेल, तर स्थिर अवस्थेचा गुणांक वापरून चालते. जाड लोखंडी ठोकळ्याच्या बाबतीत हवेत बहुधा असेच घडते. अतिपातळ पत्र्याबाबत ही खात्री देता येत नाही. अशा वेळी गुणांक गृहीत न धरता हवा व घन पदार्थ यांची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात आणि संपर्कपृष्ठावर दोन्हींकडील तापमान व उष्णताप्रवाह समान ठेवावे लागतात. या संयुक्त समस्येची मांडणी १९६१ मध्ये पेरेल्मन यांनी केली. पुढे संगणकामुळे ती अभियंत्यांच्या नित्य वापरात आली. त्या मांडणीत गुणांक हे गृहीत नसते, तो उत्तरातून निघतो.