'अपोलुओ' : सुटका आणि निरोप

ग्रीस देशात देल्फी येथे अपोलो देवाच्या मंदिराखाली एक दगडी आधारभिंत आहे. तिच्यावर व आसपासच्या शिळांवर इ. स. पूर्वी 200 च्या सुमारापासून पुढे सुमारे तीन शतके दासमुक्तीचे लेख कोरले गेले. ते हजाराहून अधिक आहेत. धनी आपला दास देवाला विकत असे, आणि त्या विक्रीने दास स्वतंत्र ठरे. परंतु पुष्कळ लेखांत एक अट आढळते : धनी जिवंत असेपर्यंत त्याने त्याच्याजवळ राहून सेवा करावी. या अटीतून पुढे मोकळीक मिळाली, तर तिला 'अपोलुसिस' म्हणत. तिच्यासाठीही अनेकदा पुन्हा पैसे मोजावे लागत.

हे नाम ज्या क्रियापदाचे, ते 'अपोलुओ' नव्या करारात वारंवार येते. प्रभु लोकसमुदायास निरोप देतो, पिलात बरब्बाला सोडतो, इब्री लोकांस पत्राच्या शेवटी तीमथ्य सुटल्याचे कळते : क्रियापद तेच. मराठी भाषांतरकारास ठिकठिकाणी निराळा शब्द योजावा लागतो. त्यात त्याचा दोष नाही. आपला साधा 'सोडणे' हा शब्दही असाच ऐसपैस आहे. सुटका, सुट्टी, सोडचिठ्ठी ही सारी त्याच्याच कुळातली. सोडचिठ्ठीचे नाव मुद्दाम घेतले, कारण मत्तयाच्या 5 व्या व 19 व्या अध्यायांत पत्नीला टाकण्याविषयी हेच क्रियापद आहे. बंदिवान ज्याची वाट पाहतो, तेच त्या स्त्रीला उघड्यावर आणी. तेव्हा हा शब्द दिसला की तेथे तारण आहे, असे उपदेशकाने धरून चालू नये. कोण, कोणाला, कशातून सोडतो, हे आधी पाहावे.

लूक 13 मधील अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला उद्देशून हे क्रियापद येते, ते पूर्ण काळात. सुटका होऊन चुकली आहे. प्रभु हात मागाहून ठेवतो.

शिमोनाचे गीत आपण बहुधा वृद्धाची मरणाची प्रार्थना म्हणून वाचतो. लूकाने त्याचे वय कोठेच दिलेले नाही. मरणाचा अर्थ अगदी निराधार आहे असे नव्हे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अहरोनाच्या मृत्यूविषयी (गणना 20:29) हेच क्रियापद आहे. पण शिमोन देवाला 'देस्पोतेस', म्हणजे दासाचा धनी, म्हणतो आणि स्वतःला दास. देल्फीचा दास धन्याच्या मरणाची वाट पाहत असे. शिमोनाचा धनी जिवंत आहे, आणि तोच त्याला मोकळा करीत आहे.