घरगुती व व्यावसायिक पिठाच्या गिरण्या

पिठाची गिरणी हे धान्य दळून त्याचे पीठ, रवा किंवा भरड करणारे यंत्र आहे. महाराष्ट्रात तिचे दोन प्रकार सर्वत्र दिसतात. गावात किंवा मोहल्ल्यात अनेक कुटुंबांचे दळण दळून देणारी ती व्यावसायिक गिरणी होय. एका घरापुरते दळण करणाऱ्या लहान विद्युतयंत्राला घरघंटी म्हणतात. ही दोन यंत्रे एकाच यंत्राची मोठी व लहान रूपे आहेत, असा समज आढळतो. प्रत्यक्षात त्यांची दळण्याची रीतच बहुधा वेगळी असते. पिठाचा पोत, उष्णता, वेग आणि स्वच्छता यांतील फरक त्या रीतीतून येतात.

नावे

विदर्भात गिरणीला ‘चक्की’ असेही म्हणतात. दळायला न्यायचे धान्य आणि दळून आणलेले पीठ या दोन्हींना ‘दळण’ हा एकच शब्द आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने त्याचा उच्चार ‘दयन’ असा ऐकू येतो. ‘घरघंटी’तील ‘घंटी’ हा जात्याला किंवा चक्कीला असलेला गुजराती शब्द आहे. वाजणाऱ्या घंटीशी त्याचा संबंध नाही. मुंबईसारख्या शहरांत नुसत्या ‘गिरणी’ शब्दाने कापडाची गिरणीही सूचित होते, म्हणून ‘पिठाची गिरणी’ असे स्पष्ट म्हटले जाते.

पार्श्वभूमी

धान्य रगडण्याचे दगड सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर सापडले आहेत. पुढे दोन गोल दगडांचे फिरते जाते प्रचारात आले. त्यातील खालचा दगड स्थिर असतो; वरचा दगड मधल्या खिळीभोवती खुंट्याने फिरवतात आणि त्याच्या तोंडातून मुठीने दाणे सोडतात. पहाटे उठून घराचे दळण करणे हे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचे काम होते. या श्रमासोबत रचल्या गेलेल्या जात्यावरच्या ओव्या हा मराठी मौखिक वाङ्‌मयाचा मोठा ठेवा आहे. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या.

वीज पोहोचण्यापूर्वी अनेक खेड्यांतील गिरण्या डिझेल इंजिनावर चालत. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. त्यानंतर गावोगावी वीज जसजशी पोहोचली तसतशी इंजिनांची जागा विजेच्या मोटरींनी घेतली. वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या, आसपासच्या खेड्यांचा व्यवहार जिथे चालतो अशा गावांत दळण टाकून बाजार उरकणे आणि परतताना पीठ घेऊन जाणे ही रीत रुळली. घरघंटीने हे दळण पुन्हा घरात आणले. मात्र हाताचे श्रम मोटरीकडे गेले.

रचना व कार्य

व्यावसायिक गिरणीत जात्याचेच तत्त्व वापरलेले असते. कुरुंदाचे कण असलेले दोन गोल दगड समोरासमोर बसवलेले असतात. एक स्थिर राहतो व दुसरा मोटरीने पट्ट्यामार्फत फिरतो. दगड आडवे किंवा उभे असतात. दाणा मध्यभागी पडतो आणि दगडांवरील खाचांतून चिरडला जात कडेला पीठ होऊन बाहेर येतो. पीठ किती बारीक व्हावे हे दोन दगडांमधील अंतरावर ठरते. चाकीने किंवा स्क्रूने ते कमीजास्त करतात. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. टाकी लावल्यानंतरचे पहिले थोडे दळण दगडाची कच जाण्यासाठी टाकून देतात.

बहुतेक घरघंट्यांत दगड नसतात. बंद कप्प्यात पोलादी पाती वेगाने फिरतात. भारतातील ५० हर्ट्झ विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. पात्यांच्या आघाताने दाणा फुटतो आणि कप्प्याभोवतीच्या जाळीतून जाण्याइतका बारीक झाला की बाहेर पडतो. म्हणजे येथे पिठाचा बारीकपणा जाळीची छिद्रे ठरवतात. गहू, ज्वारी, बेसन, रवा, भरड यांसाठी वेगवेगळ्या जाळ्या यंत्रासोबत मिळतात. लहान दगड बसवलेल्या घरगुती चक्क्याही बाजारात आहेत. त्यांना व्यावसायिक गिरणीचेच नियम लागू होतात.

तुलना

• मोटर : घरघंटीला साधारण १ अश्वशक्तीची (सुमारे ७४६ वॅट) मोटर असते व ती घरातील एकफेजी जोडणीवर चालते. व्यावसायिक गिरणीला सहसा ५ ते १० अश्वशक्तीची मोटर व तीनफेजी जोडणी लागते.
• वेग : घरघंटी तासाला साधारण ७ ते १० किलो गहू दळते. मोठ्या दगडाची गिरणी तासाला १०० किलोपर्यंत दळू शकते.
• वीज : महिन्याला २५ किलो दळणाऱ्या घरात घरघंटी सुमारे तीन तास चालते व तीन युनिटच्या आसपास वीज घेते. किलोमागे लागणारी वीज पूर्ण भाराने चालणाऱ्या व्यावसायिक गिरणीत सहसा कमी असते.
• सलग काम : घरघंटीची मोटर मधूनमधून विश्रांती देऊन चालवायची असते. दिवसभर चालण्याची क्षमता व्यावसायिक गिरणीतच असते.
• देखभाल : घरघंटीत जाळी व कप्पा वारंवार साफ करावा लागतो, गिरणीत दगड, पट्टा व बेअरिंग यांकडे लक्ष द्यावे लागते.

ओलसर धान्य दोन्हींना चालत नाही. गहू धुतला असल्यास तो पूर्ण वाळवूनच दळावा. अन्यथा जाळी बुजते किंवा दगडावर पिठाचा थर बसतो. तीळ, शेंगदाणे व सोयाबीन यांत तेल असल्याने घरघंटीची जाळी तुंबते. म्हणून सोयाबीन नुसते न दळता थोड्या प्रमाणात गव्हात मिसळून दळतात. मिरची व हळद यांच्यासाठी स्वतंत्र कांडपयंत्र वापरणे योग्य ठरते.

उष्णता व पिठाचा टिकाऊपणा

दळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. दगड फार जवळ आणून वेगाने दळल्यास पीठ हाताला चांगलेच गरम लागते. अति उष्णतेने गव्हातील स्टार्च व प्रथिनांवर परिणाम होऊन कणकेचा पोत बदलतो. गरम पीठ लगेच डब्यात भरून झाकल्यास आत वाफ धरते, गुठळ्या होतात व पीठ लवकर खराब होते. ते पसरून निववल्यावरच भरावे.

संपूर्ण दाण्याच्या पिठात अंकुरातील तेलही उतरते. हवेच्या संपर्कात ते खवट होते. बाजरीच्या पिठात हा बदल विशेष लवकर होतो व भाकरी कडवट लागते. लागेल तेवढेच ताजे दळणे हा घरघंटीचा खरा लाभ येथे दिसतो. महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवणाऱ्या घरात तो लाभ उरत नाही.

मागील दळणाचे मिश्रण

कोणत्याही दळणयंत्रात आधीच्या दळणाचा काही भाग आत अडकून राहतो व पुढच्या दळणात मिसळतो. म्हणूनच ‘आधी काय दळले?’ हा गिरणीवरचा नेहमीचा प्रश्न असतो. गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी दळण्याचा क्रम गिरणीवाले यासाठीच पाळतात. उपवासाच्या राजगिऱ्यात गहू मिसळणे हा अनेकांच्या आचाराचा प्रश्न असतो. सीलिअ‍ॅक विकार असलेल्या रुग्णासाठी तो आरोग्याचा प्रश्न ठरतो. गव्हातील ग्लुटेनचा अल्प अंशही अशा रुग्णाला अपायकारक असतो. त्याच्यासाठी ज्वारी-तांदळाचे पीठ गहू कधीच न दळलेल्या वेगळ्या यंत्रावर दळणे सुरक्षित होय. एकाच घरघंटीत गहूही दळला जात असेल, तर यंत्र घरचे असल्याने धोका टळत नाही.

कॉफी दळणयंत्राशी साम्य

हेच प्रश्न एस्प्रेसो कॉफीच्या दळणयंत्रांतही उद्भवतात. एस्प्रेसोत सुमारे ९ बार दाबाचे गरम पाणी कॉफीच्या थरातून साधारण २५ ते ३० सेकंदांत जावे लागते. त्यामुळे दळणाच्या बारीकपणातील किंचित फरकही चवीत उतरतो. चांगल्या यंत्रांत पात्यांऐवजी दोन दातेरी कडी असतात. ती सपाट किंवा शंकूच्या आकाराची असून त्यांच्यातील अंतर दळण ठरवते, म्हणजे तत्त्व जात्याचेच. उपाहारगृहातील यंत्रात मोठी कडी, भरलेला डबा आणि काही वेळा उष्णता घालवणारा पंखा असतो. घरच्या महागड्या यंत्रांत एका कपापुरते दाणे मोजून घालणे व आत कमीत कमी चूर्ण उरणे यांवर भर असतो. उपाहारगृहात एकामागून एक कप होत असल्याने उरलेले चूर्ण लगेच खपते. घरी ते दुसऱ्या दिवसापर्यंत शिळे होते. विदर्भात चिखलदरा येथे कॉफीची लागवड आढळते.

सुरक्षितता व व्यवसाय

व्यावसायिक गिरणीतील उघडा पट्टा हा अपघाताचा मुख्य धोका आहे. पदर, ओढणी किंवा मोकळे केस त्यात अडकू शकतात, म्हणून पट्ट्याला जाळीचे आवरण असणे आवश्यक आहे. पिठाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. गिरणी चालवणाऱ्याने तोंडावर मुखपट्टी बांधणे व खोलीत हवा खेळती ठेवणे हिताचे असते. घरघंटीचे झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.

गिरणी हा अन्नव्यवसाय असल्याने त्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा लहान उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के व कमाल १० लाख रुपये कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली.

निवड

थोडे पण वारंवार व निरनिराळे दळण लागणाऱ्या, पथ्य किंवा उपवास पाळणाऱ्या घराला घरघंटी उपयुक्त ठरते. एकाच धान्याचे मोठे दळण असेल किंवा भाकरीसाठी दगडावरचे पीठ हवे असेल, तर गिरणी सोयीची पडते. शेजारच्या चार घरांचे दळण घेऊन उपजीविका करू पाहणाऱ्याने घरघंटीवर विसंबू नये. सलग कामाने तिची मोटर जळण्याचा संभव असतो. गावातील गिरणी बंद पडल्यास सर्वाधिक अडचण घरघंटी परवडत नसलेल्या कुटुंबांची होते, कारण त्यांना दळणासाठी दुसरे गाव गाठावे लागते किंवा तयार पीठ विकत घ्यावे लागते.