दडलेल्या राजवाड्याची वाट

लहानपणी खेळलेल्या खेळाकडे प्रौढ वयात परत जाणे हे आजोळच्या घरी परत जाण्यासारखे असते. ओसरी आठवणीतल्यापेक्षा लहान भासते. पायरीचा उंचसखलपणा मात्र पायांना अजून ठाऊक असतो. 'सॉनिक द हेजहॉग २' हा व्हिडिओ खेळ पुन्हा हाती घेतला, तेव्हा मला हाच प्रत्यय आला.

सेगा या जपानी कंपनीने हा खेळ नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला भाग १९९१ चा. त्याचे आज्ञालेखक युजी नाका पहिल्या भागानंतर असमाधानाने कंपनी सोडून गेले होते. मार्क सर्नी यांनी त्यांना कॅलिफोर्नियातील आपल्या शाखेत आणले, आणि जपानी व अमेरिकन कलावंतांनी भाषेची अडचण सोसून एकत्र काम केले. संगीत मासातो नाकामुरा यांचे.

हेजहॉग म्हणजे अंगाचा चेंडू करून घेणारा लहानसा काटेरी प्राणी. खेळाचे सारे रहस्य या चेंडूत आहे. त्या यंत्रातील प्रक्रियकाला अपूर्णांकांचे गणित थेट करता येत नसे. म्हणून पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचे २५६ भाग कल्पून वेग मोजला जाई. चित्रे सेकंदाला ६०. हवेतील सॉनिकच्या अधोगतीत प्रत्येक चित्रागणिक अशा ५६ भागांची भर पडे. हेच तेथील गुरुत्वाकर्षण! मौज पुढेच आहे. घरंगळणाऱ्या सॉनिकला उतारावर ८० या मापाने वेग मिळतो आणि चढावर तो केवळ २० या मापाने हरपतो. निसर्ग इतका उदार नाही. गोटी जेवढी उतरते तेवढीही पुन्हा चढत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येक मुलाने अंगणात पाहिले आहे. कर्त्यांनी भौतिकशास्त्राची केवळ नक्कल केली नाही. आनंदासाठी त्याला किंचित वाकविले.

पहिल्या भागात चढाच्या पायथ्याशी थांबलेल्या खेळाडूला मागे जाऊन धाव घ्यावी लागे. दुसऱ्या भागाने जागच्या जागी गरगरून वेग साठविण्याची युक्ती दिली. सोबतीला टेल्स नावाचा दोन शेपट्यांचा कोल्हा दिला. तो दुसऱ्या खेळाडूच्या हाती देता येई, आणि तो मागे पडला तरी उडत परत येई. थोरल्या भावंडाच्या शेजारी बसून धाकट्यालाही निर्धास्तपणे खेळता येई.

परंतु या खेळात एक उणीव राहिली होती. 'दडलेला राजवाडा' या अर्थाच्या नावाचा एक विभाग रचला गेला, त्याची चित्रे नियतकालिकांत झळकली, आणि ऐन वेळी तो वगळण्यात आला. पुढे खेळाची एक अपुरी प्रत चाहत्यांच्या हाती लागली आणि तीत त्या राजवाड्याचे भग्नावशेष दिसले. मग खोदकाम करणाऱ्या इतिहाससंशोधकाच्या चिकाटीने लोक त्या आज्ञावलीचा अभ्यास करू लागले.

अशाच चाहत्यांपैकी क्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सेगासाठी भ्रमणध्वनीवरील नवी आवृत्ती सिद्ध केली आणि वगळलेला विभाग पूर्ण केला. त्याची वाट त्यांनी कोठे ठेवावी? मूळ खेळाच्या एका गुहेत काट्यांनी भरलेला एक खड्डा होता. त्यात पडलेल्याला सुटका नसे; असंख्य मुलांनी तेथे हळहळून हातातील नियंत्रक खाली ठेवला असेल. नव्या आवृत्तीत त्याच खड्ड्यातून खाली गेले की राजवाडा लागतो.

श्रोतेहो, मी त्या खड्ड्याच्या काठाशी बराच वेळ थांबलो होतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगठा मागे वळण्याची खूण करीत होता. शेवटी मी उडी घेतली. खाली काटे नव्हते; एकवीस वर्षे वाट पाहणारा हिरवा उजेड होता.