नरडाणा ते धुळे : किती लांब?

मंडळी, आजचा प्रश्न अगदी साधा आहे. नरडाण्याहून धुळं किती लांब? तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं! मुंबई-आग्रा रस्त्यानं सोनगीर ओलांडलं की आलंच, तीस-पस्तीस किलोमीटर. ताशी अडीचशेच्या वेगाचं छोटं विमान असतं तर आठ-नऊ मिनिटांत पोचवलं असतं. पण हेच अंतर आपण रेल्वेनं मोजू या.

नरडाण्याला गाडीत बसायचं, अमळनेरवरून जळगाव गाठायचं. तिथे गाडी बदलून चाळीसगाव. चाळीसगावला पुन्हा उतरून धुळ्याची गाडी धरायची. बेरीज सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जाते! दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, नरडाणा शिंदखेडा तालुक्यात आणि धुळं जिल्ह्याचं ठाणं, तरी ही गत.

हे असं का झालं, ते समजायला आपल्याला 1900 च्या आसपास जावं लागतं. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेरला आली. कंपनी खाजगी, गाड्या चालवणार बी.बी. अँड सी.आय. धुळ्याला रेल्वे मिळाली तीही 1900 सालीच, पण ती चाळीसगावहून आणि जी.आय.पी. कंपनीची. एका कंपनीचा ओढा सुरतेकडे, दुसरीचा मुंबईकडे. खान्देशचा कापूस बंदराला न्यायचा, हा दोघींचा हिशेब. शिंदखेड्याच्या माणसाला कचेरीत तारखेला हजर व्हायचंय, पोराला धुळ्याच्या शाळेत घालायचंय, हे त्या हिशेबात कुठे बसणार? आणि काळ कोणता, तर छप्पनच्या दुष्काळाचा! (आमच्याकडे जुनी माणसं त्याला छप्पन्याच म्हणत.)

बरं, इंग्रज गेले, कंपन्या गेल्या, 1951 साली मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. नरडाणा पश्चिमेकडे, धुळं मध्यकडे. म्हणजे शीव तशीच राहिली, नुसती पाटी बदलली! आम्हाला यात सगळा दोष इंग्रजांवर टाकणं पटत नाही. त्यांच्या पश्चात पाऊणशे वर्षं आपल्याच हातात होती.

16 फेब्रुवारी 2019 ला धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी झाली. धुळ्याच्या दक्षिणेला चाळीसगाव मार्गावर बोरविहीर आहे, तिथून नरडाण्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरचा हा तुकडा. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. या मार्गामुळे इंदूर मुंबईच्या जवळ येईल, हे सगळेच सांगतात. आम्ही मात्र आधी धुळं नरडाण्याच्या जवळ कधी येतं ते बघतोय. कारण सुरतेच्या गाडीतून येणारा धुळ्याचा माणूस नरडाण्याला उतरतो, पिशवी खांद्याला लावतो आणि हायवेवर येऊन एस.टी.ची वाट बघतो.